चहाला गरम पाणी लागतं

९ मार्च, सोमवार

पडदे आले एकदाचे! नाट्यगृहाचे, मखमली, एकेक पडदा म्हणजे ओली म्हैस. ह्यांनी आणि गाडीवाल्याने मिळून ओढत आत आणले आणि मग दोघंही पायरीवर धापा टाकत बसले. पडद्यांच्या कडेला मेणच मेण. कुठल्या नाटकात कुणी एवढ्या मेणबत्त्या पेटवल्या कोण जाणे. विचारलं नाही. मामंजींचा नियम — ‘डाग कशाचा ते विचारायचं, कसा पडला ते विचारायचं नाही.’ त्यांनी ही लाँड्री उघडली तेव्हापासूनचा नियम, आणि आमची गिऱ्हाइकं टिकली ती त्याच्यावरच. इस्त्री काय, लोक कुठेही करून घेतात. लाज धुवायला मात्र आमच्याकडेच येतात.

मेण काढण्यात दिवस गेला. कागद, गरम इस्त्री, परत कागद. पाठ धरली, पण डाग गेला! डाग गेला की अजून मला लहान पोरीसारखं वाटतं. सत्तावन्न वर्षांची घोडी झाले तरी.

वन्सं दिवसभर शर्टांवर होत्या. यजमान गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. पासष्टी ओलांडली तरी धाकट्या भावाला — म्हणजे ह्यांना — अजून ‘बाळ’ म्हणतात, आणि बाळाचं टक्कल चमकत असतं. कॉलरला इस्त्री करावी तर वन्संनीच. पण हल्ली अंगात कायम तोच काळा झगा. म्हटलं, ‘वन्सं, लाँड्रीत राहून काळं काय घालता?’ म्हणाल्या, ‘तू घाल पांढरं. मला माझं काळं बरं.’

काम संपल्यावर ह्यांनी आणि मी चहा घेतला, वन्संनी त्यांचं नुसतं गरम पाणी. चहाच्या वासानेही त्यांना मळमळतं. एवढी वर्षं झाली, कप त्यांच्या बाजूला सरकला तरी नाक मुरडतात.

आंघोळीच्या वेळी आतल्या कपड्यावर गुलाबी ठिपका दिसला. बीट? पण बीट तर कितीतरी दिवसांत घरात आलेलं नाही.

१० मार्च

धुतला. गेला.

१३ मार्च, शुक्रवार

परत! या वेळी तपकिरी, कडा सुकलेली. म्हणजे बीट नाही, रक्त. रक्ताचा डाग मी डोळे बांधून ओळखेन.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेली तेव्हा मी काय खूष झाले होते! दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन पांढरीशुभ्र पँट आणली होती. आणि आता ही परत! निरोप घेऊन गेलेली पाहुणी छत्री विसरली म्हणून दारात उभी राहावी, तसं.

इथे खोटं कशाला लिहू — जरा बरंही वाटलं. आरशात बघितलं. गाल तसे अजून बरे आहेत. आत अजून काही चालू आहे तर! ह्यांच्याकडे बघून उगाचच हसले. हे दचकून म्हणाले, ‘काय गं, माझी चेन उघडी आहे का?’

डागाला दोन थेंब पेरॉक्साइड लावायला गेले तर बाटली तळाला. परवाच तर उघडली होती. माझाच हात सैल सुटलाय.

१५ मार्च, रविवार

नदीकाठी फिरायला गेलो, दोघंच. ऊन कोवळं, बाकावर बदकांची घाण, तरी हे रुमाल टाकून बसले. रुमाल धुणार कोण ते माहीत असल्यामुळे. गाणं म्हणत होते, नेहमीसारखं अर्धं आणि बेसूर. मी त्यांच्या खांद्याला टेकून बसले. मला या माणसाचा कधी कंटाळा येत नाही, हे त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसतील.

सांगावं का, असं एकदा मनात आलं. रक्ताचं. पण काय सांगणार? गावभराचे डाग आम्ही हातात घेतो, पण आपल्या घरात असलं कुणी बोलत नाही. नाहीच सांगितलं.

१९ मार्च

काही नाही. बघ! उगाच डोक्याला ताप.

२२ मार्च, रविवार

आज लाल. चांगलं ताजं लाल, आणि चादरीवर.

हे उठायच्या आत चादर ओढून काढली, ह्यांना तसंच सतरंजीवर लोळत ठेवलं आणि खाली दुकानात मोरीवर आले. टबात थंड पाणी सोडलं आणि चादर बुडवली. एवढ्यात मागे वन्सं! त्या इतक्या लवकर खाली येत नाहीत.

‘काय झालं?’

‘चहा सांडला,’ म्हटलं.

वन्संनी टबात बघितलं नाही. नुसतं एक बोट पाण्यात बुडवलं आणि पदराला पुसावं तसं झग्याला पुसलं. ‘चहाला गरम पाणी लागतं,’ म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या.

मेले! आयुष्यभर डाग काढले आणि खोटं बोलताना साधं पाणी चुकले. अंडं, दूध, रक्त — थंड पाणी. चहा, कॉफी — गरम. हे तर आमच्या घरात बोलायला लागायच्या आधी शिकवतात.

२३ मार्च

इस्त्री करता करता, माझ्याकडे न बघता वन्सं म्हणाल्या, ‘होतं असं. या वयात होतं. येतं आणि आपोआप जातं.’

मी नुसतं ‘हं’ केलं. पण जीव भांड्यात पडला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, त्यांना माहीत असणारच. थोरलं माणूस घरात असलं की असं असतं — दोन शब्दांत निकाल. आज मनापासून काम केलं. नाट्यगृहाचे पडदे परत गेले, व्यवस्थापक खूष, दोन पास देऊन गेला.

२६ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाई कोट टाकायला आल्या. पलीकडच्या चौकात त्यांचा दवाखाना आहे, बायकांचा. नेहमी तीन कोट आणि तिन्ही कोटांच्या खिशात काहीतरी राहिलेलं. आज एकात गोळी — औषधाची नव्हे, लिमलेटची.

बाहीवर पिवळट डाग. मी सवयीने विचारलं, ‘कशाचा?’

‘आयोडीन.’

‘मग जाईल.’

‘तुम्ही जाईल म्हणालात की मी निर्धास्त,’ म्हणाल्या. ‘बाकी तब्येत काय म्हणते?’

आता! आता सांगावं! दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वन्संची इस्त्रीसुद्धा मधेच थांबली होती. आणि मी काय म्हणाले? ‘मजेत!’ दात काढून. गिऱ्हाइकापुढे आपलं कसलं रडगाणं गायचं, असं वाटलं. शिवाय ज्यांचे कोट मी धुते त्यांच्यापुढे पाय फाकून झोपायचं, या कल्पनेनेच कानशिलं तापली.

२७ मार्च, शुक्रवार

बँकेतल्या साहेबांचा राखाडी कोट परत आला. मागल्या महिन्यात खांद्यावरचा डाग काढून दिला होता, अगदी निर्मळ. आज बघते तर तोच डाग, त्याच जागी. साहेब भले माणूस, ओरडले नाहीत. ‘परत आला हो,’ एवढंच म्हणाले.

मी कोट उलटा केला आणि शिवण उसवली. मुरलेला डाग आत, अस्तराला! वरचं कापड कितीही धुवा, वाळताना तो आतून वर येतच राहणार. मीच मागच्या वेळी आत बघायला पाहिजे होतं. वरून गेला म्हणजे गेला, असं धरून चालले.

अस्तर हातात धरून बराच वेळ बसले होते. तीन आठवडे मी काय करतेय? येतंय, धुतेय. येतंय, धुतेय. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ‘कशाचा?’ आणि स्वतःला एकदाही विचारलं नाही. नुसती भीती वाटतेय म्हणून. हो, भीतीच. तरुण झाले वगैरे सगळ्या गमजा. मावशीचं असंच काहीतरी होऊन ती गेली होती, आणि काय होतं ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.

२८ मार्च

ह्यांना सांगितलं. दाढी करत होते, म्हणजे माझ्याकडे बघायची सोय नव्हती, म्हणून तीच वेळ धरली.

आधी त्यांना कळलंच नाही. ‘कुठे कापलं?’ म्हणाले. मग कळलं. अर्ध्या तोंडाला फेस, तसेच वळले. ‘किती दिवस?’ मी सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. स्टुलावर बसले. ‘मला का नाही सांगितलंस?’ एवढंच, आणि तेही इतक्या हळू की मलाच रडू फुटलं. मग माझे डोळे पुसायला टॉवेल पुढे केला, त्याला सगळा साबण. डोळे चुरचुरायला लागले आणि दोघंही हसत सुटलो.

मंगळवारची वेळ घेतली, त्यांनीच फोन करून. दुकान बंद ठेवू म्हणत होते. म्हटलं, काहीतरीच! मामंजी गेले त्या दिवशीसुद्धा वन्संनी दुपारनंतर अर्धं दार उघडं ठेवलं होतं. कामाच्या दिवशी कुलूप लागलेलं या दुकानाला माहीत नाही. वन्सं सांभाळतील.

दिवसभर ह्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. बँकेतल्या साहेबांच्या घरी नाचाच्या मास्तरीणबाईंचा चमचमता झगा पोहोचला. साहेबांच्या मंडळींनी फोन करून शांतपणे विचारलं, ‘हा कोणाचा?’ बिचारे साहेब!

३१ मार्च, मंगळवार

जाऊन आले. सगळं लिहिते, नाहीतर विसरेन.

बाहेर बसायची खोली छोटी, पंखा घरघरणारा. एक पोट पुढे आलेली पोर, एक माझ्याएवढी बाई, हे — एकटेच पुरुष, गुडघे जुळवून शाळेतल्या मुलासारखे. माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

आत डॉक्टरीणबाई. अंगात मी धुतलेला कोट. तो बघूनच धीर आला. ओळखीचं कुणीतरी खोलीत आहे असं वाटलं.

‘कधीपासून? किती? रंग काय? गुठळ्या होत्या का?’

कधीपासून ते सांगितलं. बाकी काय सांगणार? दिसला डाग की पाण्यात! बघितलंच नाही नीट. किती होतं, वाढत होतं की कमी, काही सांगता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘तुमच्या हाताला सवय लागलीय. पण मला तुम्ही काहीच शिल्लक ठेवलं नाहीत. आता पॅड वापरायचं, टाकायच्या आधी बघायचं, आणि मला सांगायचं.’

मग विचारलं — रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेता का? हार्मोनच्या? घरात कुणाला गर्भाशयाचा, स्तनाचा आजार? मावशीचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

मी म्हटलं, ‘या वयात होतंच ना असं?’

पेन खाली ठेवलं त्यांनी. ‘नाही. पाळी जाऊन वर्ष उलटलं की त्यानंतर रक्त दिसता कामा नये. ठिपका दिसला तरी दाखवायचं. एकदाच दिसला तरी, दुखत नसलं तरी. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. आतली त्वचा कोरडी पडून नाजूक झालेली असते, नाहीतर आत एखादा मांसाचा कोंब असतो. पण काही जणींना कॅन्सर असतो, आणि तो लवकर सापडला तर बरा होतो. घाबरवायला नाही सांगत. बघायला लावते आहे.’

शब्द उच्चारला त्यांनी. कॅन्सर. सरळ, आयोडीन म्हणावं तसा. मला उलट बरंच वाटलं. तीन आठवडे तो शब्द माझ्या घशात अडकला होता, तो निदान कुणीतरी टेबलावर ठेवला.

तपासणी झाली. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण त्या सारख्या विचारत होत्या, ‘आता हात लावते, चालेल? दुखलं तर सांगा.’ मग आतून सोनोग्राफी. पडद्यावर करडे ढग, मला ओ की ठो कळेना. त्या म्हणाल्या, ‘गर्भाशयाचं आतलं अस्तर या वयात पातळ असायला हवं. तुमचं जरा जाड दिसतंय. त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू.’

अस्तर म्हटल्यावर मला सगळं कळलं. म्हटलं, काढा.

तुकडा काढताना दुखलं. जोराचा चिमटा, पाळीतल्यासारखी कळ, आणि मग संपलं. निघताना म्हणाल्या, ‘एकदम जोराचं जायला लागलं, तासाभरात पॅड भिजलं, चक्कर आली, तर माझी वाट बघायची नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलात. निकाल आठवड्या-दीड आठवड्याने.’

बाहेर आले तर ह्यांनी माझ्या पिशवीचा बंद पिळून पिळून दोरी केली होती.

१ एप्रिल

वन्संनी सगळं विचारून घेतलं. अगदी बारीकसारीक! ‘दुखतं का? किती वेळ? सगळे कपडे काढायला लावतात? आत बाईच असते ना, पुरुष नाही ना येत कुणी? आणि म्हाताऱ्या बायकांनाही करतात?’

मी म्हटलं, ‘मी काय तरुण आहे?’

‘तसं नाही गं,’ म्हणाल्या आणि कॉलर परत उलटी करून इस्त्री करत बसल्या, आधीच केलेली. माझ्या काळजीने बाई नुसती सैरभैर झाली आहे. तोंडाने फटकळ, पण किती माया! माझं नशीब चांगलं. बायका नणंदेच्या नावाने बोटं मोडतात, आणि माझी नणंद माझ्यासाठी झुरते आहे.

४ एप्रिल, शनिवार

वाट बघणं हे सगळ्यात अवघड काम. इस्त्री गरम व्हायची वाट बघता येते, ही नाही. भांड्यावर भांडं आपटलं तरी फोनच वाजला असं वाटतं.

पण दिवस वाईट नाही गेला. हे सकाळी अंडी करतो म्हणाले आणि खरंच केली. एक माझ्या ताटात, एक जमिनीवर. जमिनीवरचं पुसताना मी ओरडले, ‘थंड पाणी! थंड!’ आणि ते म्हणाले, ‘हो हो, मीही याच घरातला आहे.’

७ एप्रिल

नाचाच्या मास्तरीणबाई झगा न्यायला आल्या. तिशीची मुलगी, पण सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणतात. झग्याची गंमत झाली म्हणून हसलो दोघी. मग तिने पिशवीतून पांढरा पायघोळ परकर काढला, नाचाचा. मागे डाग. मान खाली.

मला माहीत होतं कशाचा ते. तरी विचारलं. आणि तिने सांगितलं. मग मामंजींचा नियम ओलांडून पुढचंही विचारलं — ‘पाळीचा, की मधला?’

मधला, म्हणाली. दोन पाळ्यांच्या मधेच येतं. दोन-तीन महिने झाले. आणि नवऱ्याजवळ गेल्यावरही. कुणाला सांगितलं नाही.

म्हटलं, ‘परकर ठेवून जा, तो माझ्याकडे लागला. तू चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे जा. तुझ्या वयात कारणं वेगळी असतील, पण आपण घरी बसून ओळखायचं नाही. आणि दिवस तर गेले नाहीत ना, ते आधी बघ.’

आजवर कुणाला असं बोलले नव्हते. वन्सं इस्त्रीच्या टेबलावरून बघत होत्या. मामंजी असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. म्हणेनात!

९ एप्रिल, गुरुवार

कॅन्सर नाही!

नाही नाही नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. आत एक कोंब आहे, साधा, त्याच्यामुळे रक्त. दुर्बीण घालून काढायचा, त्याच दिवशी घरी. काढल्यावर तोही तपासणार, पण तुकड्यात वाईट काही नाही.

मी फोन ठेवला आणि खुर्ची शोधत होते, तोवर हे वाफेच्या इस्त्रीची नळी हातात घेऊन नाचायला लागले. सगळीकडे वाफ. समोर एक गिऱ्हाईक पँट घेऊन उभं, त्याला काही कळेना. ह्यांनी त्याची पँट फुकट करून दिली.

संध्याकाळी केक आणला. मोठा तुकडा वन्संना दिला, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, ‘सुटलीस गं बाई. सुटलीस.’ मीही रडले. आज मला कुणी काही मागितलं असतं तर देऊन टाकलं असतं.

१४ एप्रिल, मंगळवार

काढला कोंब. मी झोपेत होते, काही कळलं नाही. मटाराएवढा होता म्हणाल्या. मटार! मटाराने महिनाभर माझी झोप उडवली.

थोडे दिवस थोडं रक्त जाईल, ते चालायचंच. जास्त गेलं, ताप आला, तर कळवायचं. हे टॅक्सीत माझा हात धरून अर्धं गाणं म्हणत होते. आज पहिल्यांदा सूर बरा लागला, किंवा भुलीचं औषध अजून उतरलं नसेल.

१७ एप्रिल

पडून आहे. खालून इस्त्रीचा आवाज, वाफेचा वास, ह्यांचं गिऱ्हाइकांशी गप्पा छाटणं. सगळं आपलं आपलं चाललंय माझ्याशिवाय. थोडा राग येतो, पण सुखाचा.

मास्तरीणबाई फुलं घेऊन आली होती. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. तिला गर्भाशयाच्या तोंडाशी सूज निघाली, औषध चालू आहे, आणखी एक तपासणी केली तिचा निकाल यायचाय. चेहरा हलका होता. परकर तयार आहे म्हटलं. डाग कुठे होता तेही आता सापडायचं नाही.

१९ एप्रिल, रविवार

खाली उतरले. डाग काढायच्या टेबलावर बसून बघितलं, माझं सगळं जागच्या जागी. फक्त पेरॉक्साइडची बाटली परत रिकामी! मी तर मंगळवारपासून वरच होते. ह्यांना विचारलं, ‘सांडलीत ना?’ ‘मी हातसुद्धा नाही लावला,’ म्हणाले, शपथ घेऊन. मग काय उडून गेली? हा माणूस सांडतो आणि विसरतो. उद्या नवी आणायची.

२० एप्रिल

कोंबाचाही निकाल आला. निर्मळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आता मजेत ना? खरं सांगा.’ म्हटलं, ‘खरं. मजेत.’ पुन्हा कधी दिसलं तर धुवायच्या आधी त्यांना सांगायचं, असं कबूल केलं.

पांढरी पँट काढून घातली. कमरेला घट्ट होते, पण घातली.

२१ एप्रिल, मंगळवार

सकाळी खाली आले तर मोरीवर वन्सं. टबात त्यांची चादर.

‘चहा सांडला गं,’ म्हणाल्या.

मी टबात हात घातला. पाणी गार होतं.

‘वन्सं, कधीपासून?’

‘गेल्या उन्हाळ्यापासून.’

चादर तशीच पिशवीत घालून घेतली आहे, न धुता. हे टॅक्सी आणायला गेलेत. दुकानाला आज कुलूप.